उसाच्या ट्रॅक्टरवरील जादा दिवे

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचें गाळप सुरू झालें म्हणजे लातूर व नांदेड जिल्ह्यांतील रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. अशा वेळीं आमचे शेतकरी बंधु ट्रॅक्टरवर दोन-चार जादा दिवे बसवून घेतात. ते बसवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. आमची तक्रार आहे ती ते ज्या रीतीनें जोडले जातात त्याबद्दल.

गेल्या हंगामांत अहमदपूर व चाकूर यांच्या दरम्यान आमच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या तारा जळाल्या. बॅटरीपासून तार सरळ दिव्यापर्यंत ओढून, मध्यें फ्यूज न घालतां, ती पत्र्याच्या कडेवरून नेली होती. हादऱ्यांनीं वेष्टन घासलें, तांबें पत्र्यास टेकलें आणि धूर निघाला. शेजारच्या मूळ तारांस धग लागून मागचे तांबडे दिवेहि विझले. भरलेल्या दोन ट्रॉल्या भररस्त्यांत काळोखांत उभ्या! पुतण्या मागें धांवत जाऊन मोबाइलचा उजेड हलवीत राहिला, म्हणूनच मागून येणारी बस थांबली. पाचट पेटलें नाहीं हेंहि दैवच म्हणावयाचें.

ज्यानें तें काम केलें होतें तो कारागीर म्हणाला, "फ्यूज वारंवार जात होता, म्हणून काढून टाकला." आम्हीं सारी हयात महसुलाच्या दप्तरांत घालविली, यंत्रविद्येचा आम्हांस गंध नव्हता. परंतु हें उत्तर ऐकून आम्ही चौकशीस लागलों.

55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टच्या बॅटरीवर सुमारें 9 अँपियर प्रवाह ओढतात. चार लाविले तर 18. मूळ खटका व त्याच्या बारीक तारा एवढ्या ओझ्यासाठीं केलेल्या नसतात. खटका तापतो, दिवा मंद पडतो, आणि आपण बल्बास दोष देतों. येथें रिले लागतो. विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर सर्वांस ठाऊक आहे. हिरवें बटण दाबलें कीं अल्प प्रवाह आंतील गुंडाळीस जातो, ती पट्टी ओढते, आणि मोटारीचा सारा भार त्या पट्टीवरून वाहतो. रिले म्हणजे आगपेटीएवढा स्टार्टरच होय. त्याच्या 30 आंकड्याच्या पायास फ्यूजमधून आलेली बॅटरीची तार, 87 वरून दिव्याकडे जाणारी, आणि 85 व 86 यांपैकीं एकास खटका व दुसऱ्यास अर्थ. खटक्यास किल्लीनें सुरू होणारी तार द्यावी, म्हणजे किल्ली काढल्यावर दिवे जळत राहून बॅटरी उतरत नाहीं.

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं असतो हा समज चुकीचा आहे. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. दिव्यापाशीं घातलेला फ्यूज मधल्या तारेस काय वांचविणार? दोन दिव्यांस 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व 15 अँपियरचा निळा फ्यूज पुरतो. तो वारंवार जात असेल तर तार कोठें तरी उघडी पडली आहे असें समजावें. त्याच्या जागीं 30 चा हिरवा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी घालणें म्हणजे कर्ज फेडल्यावांचून सातबाऱ्यावरील बोजा खोडणें होय!

जादा दिवे, गाण्याचें यंत्र व ट्रॉलीचे मागील दिवे यांस एकाच पेटींत परंतु निरनिराळे फ्यूज असावेत. मग एक बिघडला तरी तांबडे दिवे चालू राहतात. ट्रॉलीचा अर्थहि हुकाच्या भरंवशावर सोडूं नये; गंज व ग्रीस प्रवाह अडवितात. त्याकरितां वेगळी तार न्यावी.

ट्रॅक्टरला लाखों रुपये मोजणारा मनुष्य या लहानशा पेटीस खर्चिक म्हणतो, हें आम्हांस उमजत नाहीं. आमची सूचना अशी कीं, गाळपापूर्वीं संघानें एक दिवस जाणत्या कारागिरास बोलवावें व सभासदांनीं आपापले ट्रॅक्टर आणून तपासून घ्यावेत. पुतण्याचा ट्रॅक्टर आम्ही पहिला आणून उभा करूं. नव्या पेटीचें झांकण उघडून दाखविण्यास तो तयार आहे.