सुरक्षा जनतेची की जनतेपासून?

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ‘विशेष जनसुरक्षा विधेयक’ संमत केले. विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर होत असता स्पष्ट विरोध नोंदविणारा आवाज एकच होता. डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांचा. २८८ जणांच्या सभागृहात सुमारे २३० सदस्य सत्ताधारी आघाडीचे, विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामी, आणि जे विरोधी बाकांवर होते तेही निर्धाराने उभे राहिले नाहीत. विधेयकाची छाननी करणाऱ्या संयुक्त समितीत विरोधी पक्षांचे नामवंत सदस्य होते. समितीकडे जनतेच्या सुमारे बारा हजार सूचना आल्या. एवढे सारे होऊनही जे हाती आले, त्याने कोल्हापूरसारख्या चळवळींच्या नगरीतील विचारी नागरिक अस्वस्थ झाला असेल, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

कायद्याचे स्वरूप प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. शासनाने अधिसूचना काढून एखादी संघटना बेकायदेशीर ठरविली की तिचा सभासद असणे, तिच्या सभेला जाणे, तिला वर्गणी देणे हे गुन्हे ठरतात. सभासदाला तीन वर्षांपर्यंत, तर बेकायदेशीर कृत्य करणाऱ्याला वा त्यास चिथावणी देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. संघटनेची कचेरी ताब्यात घेता येते, निधी जप्त करता येतो. आणि बंदीची कारणे सांगणे सार्वजनिक हिताचे नाही असे शासनाला वाटले, तर ती न सांगण्याची मुभाही शासनालाच!

संयुक्त समितीने मसुद्यात बदल केले, हे खरे. कायद्याचा रोख ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटनांवर असल्याचे आता लिहिले गेले आहे. परंतु त्यापुढे ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द आहेत. ‘कडवे’ कोण हे ठरविणार शासन, ‘डावे’ कोण हेही ठरविणार शासन, आणि या दोहोंत जो बसत नाही त्याच्यासाठी ‘तत्सम’ आहेच. शिवाय बेकायदेशीर कृत्याची व्याख्या मूळची व्यापकच राहिली. प्रस्थापित कायद्याची वा त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे, तसा उपदेश करणे, हेही तिच्यात येते. मग ते भाषणाने असो, लेखाने असो वा नुसत्या चिन्हाने असो.

या व्याख्येची कसोटी कोल्हापूरच्याच इतिहासावर लावून पाहावी. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी कंपनीकडे देण्यात आले आणि त्या बदल्यात तिला ३० वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क मिळाला. करार रीतसर होता, शिक्क्यानिशी होता. तरीही कोल्हापूरकरांनी ‘टोल देणार नाही’ असे ठणकावून सांगितले. नव्वदीकडे झुकलेले प्रा. एन. डी. पाटील रस्त्यावर उतरले, गोविंद पानसरे उतरले. त्यांच्यामागे तालमी, पेठा, रिक्षावाले, व्यापारी आणि गृहिणी उतरल्या. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाक्यांची जाळपोळही झाली; तिच्यासाठी तेव्हाचा दंडविधान पुरेसा होता. पण त्या चळवळीचा गाभा जाळपोळ नव्हता. ‘टोल देऊ नका’ हा उपदेश हाच तिचा गाभा होता, आणि नव्या व्याख्येच्या मोजपट्टीने तो उपदेश म्हणजेच अवज्ञेचा प्रचार! विशेष हे, की कोल्हापूरचा टोल रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला तो देवेंद्र फडणवीस यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या कारकिर्दीत. जी अवज्ञा तेव्हा शासनाला शहाणपण शिकवून गेली, तिलाच अपराध ठरवू शकणारे हत्यार त्याच नेतृत्वाने पुढे हाती घेतले आहे.

यामागचे अर्थकारण ध्यानात घेतल्याविना केवळ स्वातंत्र्याचा घोष करून भागणार नाही. बाजारात ज्याच्याकडे पैसा आहे त्याला दर ठरविता येतो. ज्याच्याकडे नाही त्याच्यापाशी संघटना हे एकच भांडवल असते. टोलचा करार करताना वाहनधारकांना कोणी विचारले नव्हते. संघटना नसती तर तीस वर्षांचा तो भार त्यांनी निमूटपणे सोसला असता. शक्तिपीठ महामार्गाचे उदाहरण याच जातीचे आहे. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतच्या सुमारे ८०० किलोमीटरच्या या प्रकल्पाला ८० हजार कोटींहून अधिक खर्च अपेक्षिण्यात आला. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने ‘हा रस्ता मागितला कोणी?’ असे विचारले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर या जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. निवडणूक आटोपली आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी सुमारे २० हजार कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत जनसुरक्षा विधेयक संमत झाले. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण मोजणी रोखून धरणाऱ्या बागायतदाराला त्यांच्या शेजारपणाची धास्ती वाटली, तर तिला निराधार कसे म्हणावे?

शासनाचे उत्तर ठरलेले आहे: हा कायदा नक्षलवादाविरुद्ध आहे, अन्य राज्यांत तो पूर्वीपासून आहे, आणि बंदीवर सल्लागार मंडळाचा अंकुश आहे. पहिल्या मुद्द्याला प्रत्युत्तर शासनाच्याच भाषणांत सापडते. गडचिरोलीतील नक्षलवाद शेवटच्या घटका मोजत आहे असे अभिमानाने सांगायचे आणि त्याच वेळी त्याच्यासाठी नवा कठोर कायदा मागायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आणि १९९९ चा मोक्का हाताशी असताना कोणते कृत्य शिक्षेवाचून सुटत होते, हे कोणी दाखवून दिलेले नाही. अन्य राज्यांचा दाखला तर उलटाच पडतो. छत्तीसगडने २००५ मध्ये असाच कायदा केला. २००७ मध्ये त्याखाली डॉ. बिनायक सेन या बालरोगतज्ज्ञाला अटक झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मूलवासी बचाओ मंच’ या आदिवासींच्या संघटनेवर बंदी आली, आणि विकासकामांना व सुरक्षादलांच्या तळांना विरोध हे त्या बंदीचे कारण दिले गेले. विकासकामांना विरोध! महामार्ग नको म्हणणाऱ्या शेतकऱ्याने हे शब्द नीट वाचावेत. राहिले सल्लागार मंडळ. मंडळावर न्यायाधीश असले म्हणून ते न्यायालय होत नाही. आणि कारणेच गुप्त राहू शकत असतील, तर आरोपीने खोडून काढायचे तरी काय?

जनसुरक्षेचा शब्द उच्चारताना या शहराला एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. हे विधेयक संमत झाले तेव्हा त्या घटनेला दहा वर्षे उलटून गेली होती आणि खटला निकाली निघाला नव्हता. ज्या राज्याला विचारवंताच्या मारेकऱ्यांना दशकभरात शिक्षा देता आली नाही, त्याने विचारालाच धोका ठरवावे, ही कोणाची सुरक्षा?

त्याच जुलैमध्ये कोल्हापूर महापालिकेत एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. नोव्हेंबर २०२० पासून तेथे प्रशासकाचा अंमल होता. कर बसविणारा तोच, खर्च मंजूर करणारा तोच आणि हिशेब विचारणाराही तोच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फर्मावल्यानंतर अखेर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. त्या जुलैमध्ये खाली निवडून दिलेले प्रतिनिधी नव्हते, वर विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता, आणि मधल्या रस्त्यावर जी संघटना उरली तिच्या मानेवर टांगती तलवार. २५ जून १९७५ ला जे एका रात्रीत झाले, ते असे हप्त्याहप्त्यानेही होऊ शकते.

बहुमत हा राज्य करण्याचा परवाना आहे, प्रश्न बंद करण्याचा नव्हे. १९३९ मध्ये माधवराव बागलांची प्रजा परिषद संस्थानी राजवटीसमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या हाती ना संविधान होते ना मताधिकार. आजच्या कार्यकर्त्यापाशी दोन्ही आहेत. म्हणून हळहळ पुरे. विधेयकातील व्याख्येचे कलम गावसभेत, कामगारांच्या बैठकीत आणि तालमीच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवावे. विधानसभेत गप्प राहिलेल्या प्रत्येक विरोधी आमदाराला त्याच्या मतदारसंघात जाब विचारावा. आणि पक्ष, झेंडे व जुनी भांडणे बाजूला ठेवून, टोलच्या लढ्यात जमली होती तशी एकजूट बिंदू चौकात पुन्हा उभी करावी. ‘तत्सम’ या शब्दाला एकटा माणूस घाबरतो. सारेच ‘तत्सम’ म्हणून उभे राहिले, तर कोणत्याही शासनाला तुरुंग अपुरे पडतात.