फॅटी लिव्हर व रक्तदाब : चिकित्सा एकत्रच हवी

सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा घेऊन येणारे रुग्ण आज नगर शहरापासून अकोले-पाथर्डीपर्यंत प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहेत. आपण लगेच कुटकी, भूम्यामलकी, आरोग्यवर्धिनी यांची योजना करू लागतो. परंतु त्या रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक वेळी मोजला जातो काय, हा आमचा प्रश्न आहे.

हे दोन विकार वेगळे नाहीत. २०२३ मध्ये आधुनिक वैद्यकाने या यकृतविकारास चयापचयाशी जोडलेले नवे नाव दिले. त्याच्या निदानासाठी जे पाच निकष ठरविले, त्यांत १३०/८५ वा अधिक रक्तदाब हा एक आहे. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की यकृतात मेद साचतो, वृक्क मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारणही यकृत नसून हृदयरोग आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात संतर्पणजन्य विकारांचा जो एकत्र विचार केला, तो येथे तंतोतंत लागू पडतो.

प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात समृद्धी आली. ती हवीच होती. मात्र शेतातील श्रम यंत्रांकडे गेले आणि ताटातील गोड, तळलेले व खारट तसेच राहिले. अव्यायाम, दिवास्वाप व अतिस्निग्ध आहार ही कारणे आता ग्रामीण रुग्णांतही सर्रास आढळतात.

आता आपल्या औषधांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आसवारिष्टांत गूळ वा साखर असते व स्वयंजनित मद्यार्कही असतो. यकृतरोगी म्हणून ती महिनोन् महिने देत राहणे आम्हास उचित वाटत नाही. लवणभास्कर चूर्णात मीठच प्रधान आहे. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने पोटॅशियम घटून रक्तदाब वाढतो. मूत्रल गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. औषधविक्रेत्या बंधूंनीही या वस्तू काउंटरवरून देताना ‘बी.पी.ची गोळी चालू आहे का?’ एवढे अवश्य विचारावे.

दुसरे असे की, आपले औषध सुरू झाले म्हणून रुग्ण रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करतो. हे त्यास पहिल्याच भेटीत निक्षून मना करावे. पाच मिनिटे बसवून रक्तदाब मोजावा, वजन व कंबरेचा घेर नोंदवावा, साखर तपासावी. वजन सात ते दहा टक्के उतरले तर यकृताची सूज कमी होते आणि रक्तदाबासही उतार पडतो. त्यासाठी लंघन, यव, मुद्ग, तक्र (मीठ न घालता) व नित्य व्यायाम ही आपली जुनीच शिदोरी आहे.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. खेड्यातील रुग्ण मात्र प्रथम आपल्याच पायरीवर येतो. केवळ यकृत पाहून त्यास परत पाठविले, तर पक्षाघाताने वा हृद्रोगाने तो आडवा होईल आणि दोष शास्त्राच्या माथी येईल. म्हणून यकृताच्या प्रत्येक केसपेपरवर रक्तदाबाचा आकडा असावा, असा आमचा आग्रह आहे.