रेघेनें समुद्र राखला जात नाहीं

समुद्रास कुंपण घालतां येत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. तरी नकाशावर रेघ ओढली कीं कुंपण झालें, अशी समजूत आमच्या कारभारांत अद्यापि नांदते. मालवणचें सागरी अभयारण्य हें तिचेंच अपत्य होय. १९८७ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींचा सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा टापू संरक्षित ठरला; त्याचा गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटर. तेथील खडकांवर प्रवाळ वाढतें आणि त्याच्या आडोशाला मासे पोसले जातात. हें धन राखावें याविषयीं दुमत नाहीं. तें कोणीं राखावें, हा खरा प्रश्न आहे.

मालवणचा मच्छीमार या अभयारण्यास वर्षानुवर्षें विरोध करीत आला. त्याला अडाणी म्हणणें सोपें आहे. परंतु किनाऱ्यावरून रापण ओढणारा हाच मनुष्य यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांविरुद्धहि झगडत आला आहे. समुद्र ओस पडला तर पहिली चूल आपलीच विझेल, हें त्याला कोणा तज्ज्ञानें शिकवावें लागत नाहीं. अशा स्वाभाविक राखणदारास परका लेखणें म्हणजे घरधन्यास बाहेर काढून घराला कुलूप लावणें होय.

मच्छीमारास राखण सांगणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें, असा आक्षेप निघेल. त्यास मेक्सिकोंतील काबो पुल्मो या गांवानें उत्तर दिलेलें आहे. १९९५ सालीं तेथें सागरी राष्ट्रीय उद्यान झालें. मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांनीं स्वतः जाळीं गुंडाळलीं, स्वतः पहारा केला. आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचें एकूण वजन पांचपटींहून अधिक झालें. पाणबुड्या प्रवाशांचें उत्पन्न त्यांस मिळालें, हें खरें. पण असे प्रवासी मालवणासहि येतातच कीं!

आमच्या कायद्यासहि ही दृष्टि नाहीं असें नव्हे. प्रादेशिक समुद्र अभयारण्यांत घेतांना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची तजवीज करावी, अशी अट वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ च्या दुरुस्तीनें घातली. २०२२ सालीं जगांतील राष्ट्रांनीं २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखण्याचा संकल्प सोडला. तेव्हां अशा रेघा आतां पुष्कळ ओढल्या जातील. प्रत्येक रेघेपूर्वीं मच्छीमारास मसलतीला बसवा. पहाऱ्याचा अधिकार आणि प्रवाशांच्या पैशांतला वाटा त्याला द्या. नाहीं तर नकाशे रंगतील आणि जाळीं रिकामीं येतील.