नऊ मीटरची चौकट

आफ्रिकेच्या सफारीवर निघालेला माझा एक मित्र सरावासाठी म्हणून रेहेकुरीला आला होता. बरोबर भाड्याने घेतलेली ६०० मिलिमीटरची लेन्स, दोन कॅमेरे आणि एक जुना प्रश्न : "नेमके काय काय न्यावे?" या प्रश्नाचे आफ्रिकेपुरते उत्तर आता जवळजवळ ठरून गेले आहे. प्राण्यासाठी ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची लेन्स. धुळीत लेन्स बदलावी लागू नये म्हणून दुसरा कॅमेरा. गाडीतून उतरता येत नसल्याने तिपाईऐवजी खिडकीवर ठेवायला धान्य भरलेली पिशवी. आणि छोट्या विमानाने जायचे असेल तर एकूण सामान पंधरा किलोच्या आसपास. हे उत्तर चुकीचे नाही. माझी तक्रार एवढीच, की ते उत्तर आपण जसेच्या तसे नगर जिल्ह्यातही घेऊन येतो, आणि त्यामुळे इथले जे पाहायचे तेच चौकटीबाहेर राहते.

कर्जत तालुक्यातले रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्रफळ २.१७ चौरस किलोमीटर. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तिथे क्षितिजापर्यंत प्राण्यांचेच राज्य आहे, असे निदान गाडीतून पाहणाऱ्याला वाटू शकते. रेहेकुरीत तो भ्रम टिकत नाही. इथले काळवीट अभयारण्याची हद्द ओलांडून शेतात जातात, शेतकऱ्याचे पीक खातात आणि परत येतात. मित्राने काढलेले छायाचित्र मात्र निर्दोष होते. काळ्याभोर पाठीचा नर, पिळाची शिंगे, मागे मधाच्या रंगाचा मऊ, अस्पष्ट पडदा. त्या चौकटीच्या डावीकडे ज्वारीचे रान होते आणि उजवीकडे दूरच्या रस्त्याने मेंढ्या घेऊन एक धनगर चालला होता. छायाचित्रात दोन्ही नव्हते.

हे का घडते, ते साध्या गणिताने सांगता येते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या सेन्सरवर, शंभर मीटर अंतरावरून, ४०० मिलिमीटरच्या लेन्सला जगाचा फक्त नऊ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला सहा मीटर. त्याच जागेवरून ३५ मिलिमीटरची साधी लेन्स सुमारे शंभर मीटर रुंदीचा मुलूख पाहते. म्हणजे लेन्स निवडणे ही निव्वळ यंत्राची निवड नाही. उरलेल्या एक्क्याण्णव मीटरांचे काय करायचे, याचा तो निर्णय आहे. साहित्याचा विद्यार्थी ज्याला निवेदकाचा दृष्टिकोन म्हणतो, तोच हा निर्णय. फरक इतकाच, की कादंबरीतला निवेदक काय गाळतो हे आपण वर्गात तासभर चर्चितो आणि छायाचित्र मात्र 'जसे होते तसे' म्हणून स्वीकारतो.

या चौकटीला इतिहास आहे. १८८२ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेणाऱ्या कार्ल गेऑर्ग शिलिंग्सच्या पुस्तकाच्या शीर्षकातच प्रकाशाचा झोत आणि रायफल शेजारी शेजारी आहेत. शिकाऱ्याला सावज एकटे हवे असते. तीच आवड कॅमेऱ्यात उतरली. 'सफारी' हा शब्द स्वाहिली, पण त्याचे मूळ अरबीतल्या ज्या 'सफर'मध्ये आहे, ती आपल्याकडेही आली. आपल्या 'सफर'मध्ये वाट असते, वाटेतली गावे असतात; 'सफारी'त राहिला तो केवळ नेम.

मराठीतला 'टिपणे' हा शब्द इथे उपयोगी पडतो. शिकारी सावज टिपतो, पाखरू दाणे टिपते आणि अभ्यासक ऐकलेले टिपून ठेवतो. छायाचित्र 'टिपले' असे आपण सहज म्हणतो. पण त्यातला कोणता अर्थ अभिप्रेत आहे? लांब लेन्स पहिल्या अर्थाने टिपते. तिसऱ्या अर्थाने टिपायचे, तर सावजाबरोबर संदर्भही टिपावा लागतो.

अकोले तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिथल्या ऊस आणि वस्त्यांच्या, दाट लोकसंख्येच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली स्वयंचलित कॅमेरे लावले. समोरून काही गेले की आपोआप छायाचित्र घेणारे हे कॅमेरे वाटेच्या दुतर्फा बसवतात, म्हणजे प्राण्याच्या दोन्ही कुशी मिळतात आणि ठिपक्यांच्या रचनेवरून एकेक बिबट्या वेगळा ओळखता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे होते, आणि जवळजवळ तितकेच तरस. अशा कॅमेऱ्यांची छायाचित्रे सुंदर नसतात. प्राणी कधी अर्धाच येतो, झगझगीत उजेडात डोळे चमकतात. पण त्याच वाटेवरून माणसे, गुरे आणि कुत्रीही जातात, आणि हा कॅमेरा त्यांना वगळत नाही.

वर्तमानपत्रे मात्र अजूनही लिहितात, 'बिबट्या मानवी वस्तीत घुसला'. 'घुसला' या क्रियापदामागे एक चौकट आहे : जंगल तिकडे, माणूस इकडे, आणि मधली रेघ प्राण्याने ओलांडली. उसातच जन्मलेल्या बिबट्याला हे क्रियापद कसे लागू पडेल? प्रश्न शब्दच्छलाचा नाही. या जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. बिबट्या इथलाच रहिवासी आहे हे मानले, तर अंगणातला उजेड, बंदिस्त गोठा, मोकाट कुत्री, पोराला शाळेत कोण सोडणार, हे प्रश्न सुचतात. तो पाहुणा आहे असे मानले, तर फक्त पिंजरा सुचतो.

माळरानाचेही तेच. लांब लेन्सच्या छायाचित्रात मागचे गवत गुळगुळीत रंग होऊन जाते. ही अस्पष्टता महागड्या लेन्सचा गुण समजली जाते. सरकारी दप्तरात हीच माळराने 'पडीक' म्हणून नोंदली गेली. दोन्हीकडे गवत म्हणजे काहीच नसणे. पण कुसळी, पवन्या, मारवेल यांच्यात भेद आहेत, आणि त्यांच्यावर काळवीट, लांडगा, खोकड, धाविक व धनगराच्या मेंढ्या अशी सारी बिऱ्हाडे चालतात. शिवाय मार्च उलटला की सकाळी नऊ-दहानंतर तापलेली हवा लांब लेन्सला हरवते. मधल्या शंभर-दोनशे मीटरांतले थरथरते मृगजळ कितीही किमतीच्या भिंगाने दूर होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लांब लेन्समुळे माणूस प्राण्यापासून दूर राहतो. आखूड लेन्स घेऊन अतिउत्साही मंडळी कळपाच्या अंगावर जातील. तो धोका खरा आहे. पण आखूड लेन्स म्हणजे जवळ जाणे नव्हे. जिथे आहोत तिथेच थांबायचे आणि छायाचित्रात काळवीट बोटाच्या पेराएवढाच येईल, हे मान्य करायचे. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' वानरांवर लिहिले, पण एका वानराचे व्यक्तिचित्र म्हणून नव्हे. टोळी, तिचा मुलूख, शेजारची टोळी हे सगळे नजरेत असल्याखेरीज सत्तेची गोष्ट सांगताच येत नाही. माडगूळकर शिकारही जाणत होते आणि चित्रकलाही; तरी त्यांनी सावज एकटे काढले नाही.

मित्राला मी अखेर एवढेच सुचवले, की आफ्रिकेला जाताना १००-४०० ची झूम पुरे, ६०० चे ओझे नको. आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स कायमची चढवून ठेव. प्रत्येक ठिकाणी पहिले छायाचित्र तिने घे, त्यात गाडी, वाटाड्या, कुंपण, गुराखी जे येईल ते येऊ दे. मग लांब लेन्स उचल. मसाई लोकांची गुरेही त्याच प्रदेशात चरतात, तीही दिसू देत. आणि परतल्यावर पुन्हा रेहेकुरीला ये, ज्वारीच्या कापणीच्या दिवसांत. त्या वेळी आधी ज्याच्या शेतात काळवीट येतात त्याच्या बांधावर बसू, त्याचे ऐकून घेऊ, आणि मग कोणती लेन्स लावायची ते ठरवू.