फोन सक्तीचा, भुर्दंड कष्टकऱ्याचा

मोबाइल फोन ही चैनीची वस्तू की गरजेची, असा वाद एके काळी आपल्या बैठकांतून मोठ्या हिरीरीने होत असे. तो वाद शासनाने केव्हाच निकालात काढला आहे. बँकेचे खाते, शिधापत्रिकेची पडताळणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बहिणींच्या नावाने दिले जाणारे अनुदान, यांपैकी कशालाही हात घालावयाचा तर आधी मोबाइल क्रमांक लागतो आणि त्यावर आलेले आकडे वाचून दाखवावे लागतात. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून केंद्र शासनाने हजेरीच मोबाइलवरून घ्यावयास लावली. मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा काढावयाचे, ते स्थळासह पाठवावयाचे, आणि ज्या मेटने हे सारे करावयाचे त्याने फोन मात्र स्वतःच्या पदरचा आणावयाचा, असा तो कारभार! ज्या वस्तूवाचून मजुरी मांडली जात नाही, ती चैनीची कशी म्हणावी? कोयता आणि घमेले यांच्याच रांगेतले ते हत्यार आहे. आणि हत्यार म्हटले की कामगार चळवळीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते कोणाच्या पैशाने आले, आणि मोडले तर भुर्दंड कोणावर?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न जितका ठसठशीत दिसतो तितका मुंबईत दिसणार नाही. हा मुलुख मुंबईच्या उंबऱ्यावरचा. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, पुढे भिवपुरीचे झाले. येथील पाणी पडले आणि मुंबईच्या गिरण्या फिरल्या. डोंगरातील ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या मात्र त्या तारांखाली कित्येक दशके अंधारात राहिल्या. १९४२ साली माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने याच विजेचे मनोरे पाडले, तेव्हा ब्रिटिश सरकारला ते बंड वाटले. पण वीज कोणाच्या डोक्यावरून कोणाकडे जाते हे कोतवालांइतके कोणी जाणत नव्हते. आज तारांच्या जागी लहरी आहेत, एवढाच फरक. द्रुतगती महामार्गाने जाणाऱ्या मोटारीत फोन खणखणीत लागतो, आणि महामार्गापासून पायवाटेने तास-दीड तास चढून गेले की वाडीतील बाई 'रेंज कुठल्या दगडावर येते' हे सांगते. तिने फोन विकत घेताना पूर्ण पैसे मोजलेले असतात. दर महिन्याचे रिचार्जही पूर्णच मोजते.

महिन्याचे म्हणावयाचे तरी कसे? कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. त्यामुळे आपल्या पंचांगात वर्षाचे महिने बारा आणि रिचार्जचे तेरा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर चढवले. तिघेच विक्रेते उरले की स्पर्धा कशी सोयीस्करपणे मंदावते, याचा तो वस्तुपाठ होता. ज्याला इंटरनेट नकोच, केवळ बोलावयाचे आहे, त्याच्यासाठी फक्त बोलण्याचे स्वतंत्र पॅक ठेवण्याची सक्ती दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केली. हा निर्णय चांगला. पण तो आपल्या म्हाताऱ्या आईबापांना कोणत्या दुकानदाराने आपणहून सांगितला आहे? कार्यकर्त्यांनीच तो वाडीवर नेला पाहिजे.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. दिवाळीनंतर उचल घेऊन घर उठते ते पावसाच्या तोंडावर परतते. या काळात रिचार्ज पडले नाही की क्रमांक बंद होतो आणि काही काळाने तो दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग आधारला, बँकेला, शिधापत्रिकेला जोडलेला तो क्रमांक परक्याच्या खिशात वाजू लागतो. विटांनी बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, म्हणून अंगठा उठत नाही. आणि अंगठ्याला पर्याय म्हणून जे आकडे यावयाचे ते भलत्याकडे जातात. दोन्ही दारे एकदम बंद! उलट हाच फोन चालू असला तर भट्टीवरच्या मजुराला मुकादमाच्या वहीचे छायाचित्र काढून ठेवता येते, किती उचल आणि किती फिटली याचा पुरावा हाती राहतो. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्या कायद्याखाली तक्रार करताना मजुराजवळ लेखी असे काहीच नसते, हे अनुभवी कार्यकर्ता जाणतो. ज्या वहीला मालक हात लावू देत नाही तिचे चित्र पाच हजारांच्या फोनात मावते. म्हणून फोनविरुद्ध ओरड करणाऱ्यांत मी नाही.

आता निवडीकडे वळू. जाहिरातीत फोन निवडणारा माणूस कॅमेऱ्याचे आकडे पाहतो. श्रमिकाने काय पाहावे? बॅटरी मोठी आहे का, कारण वाडीतील वीज पावसाळ्यात दोन-दोन दिवस जाते. अंतर्गत जागा आणि स्मृती पुरेशी आहे का, कारण सरकारी ॲप दरवर्षी फुगत जातात आणि कालचा फोन आज गुदमरतो. कंपनी सुधारणा किती वर्षे देणार हे लिहून दिले आहे का. पडदा फुटला तर कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात तो बदलून मिळतो का. यातले काहीही दुकानातील फलकावर नसते. फलकावर असतो तो हप्ता, आणि हप्त्याच्या पोटात दडलेले इतर आकार. त्यावर शासनाचा करही आहेच: मोबाइलवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० रोजी बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. सोन्यावर तो तीन टक्के आहे. समाजात गरज कोणाची आणि चैन कोणाची, याविषयी अर्थमंत्रालयाचे मत यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

निकृष्ट हत्यार माथी मारले तर काय करावयाचे, याचा धडा या राज्यातील अंगणवाडी सेविकांनी घालून दिला आहे. शासनाने दिलेले फोन तापत, अडकत, पोषणाची माहिती भरण्याचे ॲप त्यांत नीट चालत नसे, ते ॲप इंग्रजीत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या तुटपुंज्या मानधनातून. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. 'आम्हाला तंत्रज्ञान नको' असे त्या म्हणत नव्हत्या. काम सांगता तर कामाजोगे हत्यार द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचे शासनाला कबूल करावे लागले. ही मागणी अंगणवाडीपुरती का थांबावी? मेट, आशा, ठेकेदाराकडील पहारेकरी, सामान पोहोचविणारी पोरे, या सर्वांच्या कामाला फोन लागतो. मग तो मालकाने द्यावा, नाहीतर त्याचे भाडे आणि रिचार्ज वेतनाखेरीज द्यावे.

इअरबड्सचा विषय काढला की आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कानात ती पांढरी बोंडे घातलेला पोरगा त्यांना बिघडलेला वाटतो. मला तसे वाटत नाही. कर्जतहून मुंबईला सुमारे शंभर किलोमीटर उभ्याने जाणाऱ्या आणि तितकेच परत येणाऱ्या तरुणाला दिवसभरात स्वतःची अशी खोली मिळत नाही. चाळीत नाही, घरी नाही, कामावर तर नाहीच. कानातले गाणे ही त्याची खोली आहे. ती त्याला मिळो. माझा आक्षेप त्या वस्तूच्या घडणीवर आहे. वायरचा इअरफोन साधा: बॅटरी नाही, भोकात घातला की चालू, वायर तुटली तर डाग देऊन जोडता येते. एका बड्या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्या फोनमधून ते भोकच काढून टाकले, त्याच वर्षी बिनतारी इअरबड्स बाजारात आणले आणि बाकीच्यांनी कित्ता गिरवला. या इअरबड्सच्या प्रत्येक बोंडात वाटाण्याएवढी लिथियमची बॅटरी असते, डबीत आणखी एक, आणि सारे डिंकाने चिकटवून बंद. ही बॅटरी काहीशे वेळा भरली की तिची धारणशक्ती ओसरते. दोन-तीन वर्षांत गाणे प्रवास संपण्याआधीच संपू लागते. एक बोंड गाडीच्या दारातून रुळांवर पडले की दुसरे विधवा होते. दुरुस्त करणारा हात हलवून सांगतो, नवे घ्या.

त्यात आवाजाचे भान हवे, हे मात्र सांगितलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित. आवाज थोडा वाढला तरी ही मर्यादा झपाट्याने खाली येते. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी मुले तो वाढवतातच. खालापूरच्या कारखान्यात आठ तास यंत्रांचा गोंगाट सोसून आलेल्या कानांवर हा दुसरा पाळा पडतो. आणि रूळ ओलांडताना तरी कान मोकळे असू द्यावेत.

ज्यांना हे सर्व अपरिहार्य वाटते त्यांनी युरोपकडे पाहावे. तेथील कामगारांचे राज्य आले म्हणून नव्हे. भांडवलशाही देशांतही लोकमताच्या रेट्याने काय होऊ शकते, एवढ्यासाठी. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे फोन आणि इअरबड्स यांना एकाच प्रकारची चार्जिंगची खाच सक्तीची झाली. २० जून २०२५ पासून फोनची बॅटरी आठशे वेळा भरूनही ऐंशी टक्के शक्ती राखणारी हवी, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळावयास हवेत, असा नियम लागू झाला. फेब्रुवारी २०२७ पासून इअरबड्ससारख्या लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असाही कायदा तेथे झालेला आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळ उघडले. पुढे दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये, वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचा निर्देशांक ग्राहकाला दिसावा, अशी शिफारस केली. शिफारशीने सुटा भाग मिळत नाही. त्यासाठी कायदा लागतो, आणि कायद्यासाठी मोर्चा.

एक गोष्ट राहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे ढिगाऱ्यातच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. त्या रात्री वाडीतील काही मुले शाळेत मोबाइलवर खेळत बसली होती म्हणून वाचली, असे वृत्तपत्रांनी लिहिले. मुलांच्या मोबाइलवर तोंडसुख घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर अशा आणखी वाड्या आहेत. धोक्याची सूचना आता फोनवरच यावयाची आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी या दोन तालुक्यांतील कोणत्या वाडीत कोणत्या कंपनीचा फोन लागतो आणि कोणत्या वाडीत एकाचाही लागत नाही, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ती लागेपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीत स्वतः फोन लावून पाहावा, आणि तारीख, वेळ, जागा वहीत लिहून ठेवावी.