रुग्णवाहिका दिली, नोंदवही कोण देणार?

गावाला रुग्णवाहिका अर्पण करावयाची म्हटले की दाते पुढे येतात. नारळ फुटतो, गाडीवर दात्याचे नाव झळकते. हे दान श्रेष्ठच आहे. परंतु त्या गाडीतील रुग्णावर पहिल्या अर्ध्या तासात नेमके कोणते उपचार व्हावेत, हे ठरविणाऱ्या संशोधनाला मात्र क्वचितच दाता मिळतो.

असे संशोधन महानगरांतील बड्या संस्थांनीच करावयाचे असते, हा समज आपल्या रायगड जिल्ह्यानेच खोटा ठरविला आहे. १९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी धडधाकट माणसे आणि कोवळी मुले काही तासांत दगावत. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते, हा क्रम त्यांतून स्पष्ट झाला. मग रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी योजिले. १९८२ व १९८६ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, ते एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली ७० रुग्णांवरील त्यांच्या चाचणीने प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे दाखविले. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. या कार्याचे मूळ भांडवल होते एक जागरूक वैद्य आणि एक नोंदवही.

विंचवाचे कोडे सुटले. सर्पदंशाचे अजून सुटलेले नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केला. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची सेवाही धावते आहे. पण जे मोजलेच जात नाही, ते निम्मे झाले हे कळणार कसे?

म्हणून पनवेल तालुक्यातील नेरेसारख्या गावाकडे पाहावे. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पलीकडे माथेरानच्या पायथ्याच्या वाड्या आहेत. भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्याला दंश झाला, तर तो केव्हा झाला, रुग्ण आधी मांत्रिकाकडे गेला काय, केंद्रात किती वाजता पोहोचला, प्रतिविष किती दिले, पुढे पाठविल्यावर त्याचे काय झाले, एवढी माहिती एका पानावर मावते. अशी शेकडो पाने एकत्र आली, की उशीर नेमका कोठे होतो ते दिसेल आणि उपाय त्याच जागी करता येईल.

उपचार आधी, कागद नंतर, हे खरेच. म्हणून नोंदीचा भार एकट्या डॉक्टरांवर टाकू नये. प्रशिक्षित नोंदणी सहायकाचे मानधन, वैद्यकीय महाविद्यालयाचे मार्गदर्शन आणि रुग्णाच्या नावाची गुप्तता, एवढी व्यवस्था हवी. तिचा खर्च समाजाने उचलावा. कार्यकर्त्यांनी वाड्यांवर जाऊन दंशाची वेळ लक्षात ठेवण्याचा आणि थेट केंद्र गाठण्याचा आग्रह धरावा.

गाडी काही वर्षांत जुनी होते. नोंदींतून सिद्ध झालेला उपचार मात्र पिढ्यान्‌पिढ्या प्राण वाचवीत राहतो. पुढील वेळी दानाचा संकल्प कराल, तेव्हा गाडीबरोबर या वहीचाही विचार अवश्य करावा.