टीव्हीतल्या मुंग्या आणि घराची राखण



आषाढाचा पाऊस लागला की आमच्या नाकाडोंगरीकडे घरात माणूस सापडत नाही. पऱ्हे उपटायला, बांधीत चिखल करायला, रोवणीला सारे घर पहाटेच बाहेर पडते. मागे उरतात एक म्हातारी, पाळण्यातले लेकरू आणि दाराचे कुलूप. रोवणीचे दिवस चोरालाही ठाऊक असतात. त्यासाठी त्याला पंचांग पाहावे लागत नाही. घरोघर डिशची छत्री लागली, आता कॅमेराही लावावा का, असे अनेक घरांत बोलले जाते. त्याचे उत्तर शोधायचे तर सुरुवात टीव्हीपासूनच करावी लागेल. हसू नका, दोहोंचा संबंध आहे.

आठवा ते दिवस. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मोहल्ल्यात एखाद्याच घरी टीव्ही असे. रविवारी सकाळी सारा मोहल्ला त्या घरच्या छपरीत गोळा होई. चित्रात मुंग्या आल्या की एखादा पोरगा कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि वरून ओरडे, “आलं का?” आतून चारजण ओरडत, “अजून थोडं!” त्या पोराला वरून सारी गल्ली दिसे. कोणाच्या दारात परका माणूस उभा आहे, कोणाची गाय कोठ्यातून सुटली, हे त्याला कळल्यावाचून राहत नसे.

तेव्हा रामराज्य होते असे मी म्हणत नाही. या घरात काहीतरी आहे, हे चोराला तोच अँटेना सांगे. सारे एका छपरीत जमले की बाकीची घरेही उघडी पडत. पण कोण कोठे आहे हे मोहल्ल्याला माहीत असे, आणि टीव्ही बिघडला तर तो आधी कुरकुरत असे. मुंग्या येत, आवाज खरखरे, चित्र तिरपे होई. बिघाड येतो आहे याची वर्दी मिळे.

पुढे काळ पालटला. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने महिन्याचे पैसे न घेणारी छत्रीची सेवा सुरू केली. तीच आज डीडी फ्री डिश म्हणून आपल्या घरांवर आहे. केबलचा कायदा 2011 मध्ये बदलला. त्यानंतर मुंबईत 2012 मध्ये, नागपुरात 2013 मध्ये आणि शेवटच्या टप्प्यात 2017 च्या मार्चपर्यंत खेड्यापाड्यांत केबलला डबा सक्तीचा झाला. अँटेनावर चित्र देणारी दूरदर्शनची जुनी केंद्रेही, मोक्याच्या जागांवरची थोडी सोडली तर, मार्च 2022 पर्यंत बंद करण्यात आली. अँटेनाचा दांडा आता वेल चढवायच्या कामाचा राहिला.

या बदलाची खूण ध्यानात घ्या. जुन्या पद्धतीत लाट अशक्त झाली की चित्र अंधुक होई, पण दिसे. नव्या पद्धतीत चित्राचे आकडे करून पाठवतात. आकडे पुरेसे पोचले तर चित्र आरशासारखे, कमी पडले तर तुकडे तुकडे होऊन थांबते, आणि मग पडदा काळा. मुसळधार पावसात छत्रीचे चित्र जाते ते यामुळेच. मधली कुरकुर उरली नाही. शिवाय आता प्रत्येकाची छत्री वेगळी, प्रत्येकाचे दार लोटलेले. कौलांवर कोणी चढत नाही, गल्ली कोणी पाहत नाही.

कॅमेरा घेताना हीच गोष्ट आठवा. तो चालू असला तर नाकडोळे स्पष्ट दाखवील. बंद पडला तर मात्र बरेचदा मुकाट्याने बंद पडतो, आणि ते कळते चोरी झाल्यावर. म्हणून वस्तू घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा करा : हे बंद पडले तर मला कसे कळेल?

सोयीसाठी कॅमेऱ्यांचे दोन प्रकार धरू. एक तारेचा. त्याचे चित्र तारेने घरातल्या डब्यात साठते, त्याला नेटवर्क लागत नाही, पण वीज लागते. वीज जाण्याचे प्रमाण तुम्हाला मी काय सांगावे? तेव्हा त्याला बॅटरीची जोड हवी. आणि तो डबा टीव्हीशेजारी शोभेला ठेवू नका. चोर टीव्हीबरोबर तोही उचलील आणि पुरावा त्याच्याच पिशवीत जाईल. कपाटात कुलूप लावून ठेवा, हवा मात्र खेळती राहू द्या.

दुसरा सिमकार्डाचा. त्याचे चित्र बांधीत उभ्या असलेल्या माणसाला मोबाईलवर दिसते. सोय मोठी, पण नेटवर्क गेले, रिचार्ज संपले किंवा ढगाळ दिवसांत सूर्यपट्टीची बॅटरी उतरली की तो आंधळा. आमच्यासारख्या डोंगर-जंगलाच्या गावात घेण्याआधी, जेथे कॅमेरा टांगायचा त्याच जागी मोबाईल धरून नेटवर्क पाहा. जुने सिमचे यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते कोणत्या जीवर चालते हेही विचारा. एअरटेलने 2020 मध्ये 3जी बंद केले. अँटेनासारखीच अशी यंत्रेही एक दिवस मुकी होतात.

घरातला जुना डब्बा टीव्ही फेकू नका. त्याला पिवळ्या पिनेची जागा असेल तर छत्रीचा डबा त्यावर चालतो. कॅमेऱ्याचा डबाही चालू शकतो, पण त्या डब्याला तशी जोडणी आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. पक्के बिल घ्या, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेला कंपनीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. नाहीतर आपल्या अंगणातला डोळा परक्याच्या हाती जाईल.

आता चोर फोनवरूनही येतो, हे बायांनो, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. “डबा बंद होणार, पैसे भरा, ओटीपी सांगा” असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. फसगत झालीच तर वेळ न दवडता 1930 वर कळवा.

आणि पैसे कोठे आधी घालावेत? माझ्या मते आधी दाराची कडी आणि कुलूप. मग अंगणात उजेड. दागिने रोवणीच्या आधी बँकेत. मग म्हातारीच्या खाटेजवळ एक बटण आणि शेजारच्या घरात त्याची घंटी. सेलवर चालणारी अशी बिनतारी घंटी बाजारात मिळते. तिचा आवाज शेजारी पोचतो का, ते आधी वाजवून पाहा. ती वाजली की माणूस धावतो. कॅमेरा चोर दाखवतो, पण म्हातारीला पाणी पाजायला त्याला हात नाहीत. एवढे झाल्यावर पैसे उरले तर कॅमेरा जरूर घ्या.

कॅमेरा असो वा घंटी, दिवेलागणीला जसा देवापुढे दिवा लावता, तसे रोज एकदा पाहा : चित्र येते का, घंटी वाजते का. काम एका मिनिटाचे आहे, ते घरातल्या शाळकरी पोराला नेमून द्या. पूर्वी कौलांवर चढायचा मान त्याचाच होता.

रोवणीच्या दिवसांत मोहल्ल्याने पाळी लावावी. चार घरे मिळून रोज एक माणूस मागे राहील, त्याची रोवणी बाकीचे उरकून देतील. परका माणूस रेंगाळताना दिसला तर पोलीस पाटलाला सांगा, अडचण मोठी असेल तर 112 लावा. कोठ्याकडे रानातले जनावर आले तर वनखात्याचा 1926 आहे. हे तीन आकडे म्हातारीला दिसतील असे भिंतीवर कोळशाने मोठे लिहा.

टीव्हीतल्या मुंग्या गेल्या त्या गेल्या. पण “आलं का?” म्हणून विचारणारा गल्लीत कोणीतरी असू द्या. बांधीकडे निघताना शेजारणीच्या दारात थांबा आणि सांगा, “बाई, आमच्या घराकडे लक्ष ठेव.” संध्याकाळी परतताना तिलाही विचारा, “सगळं ठीक ना?”